माहेरून आणलेलं बहिरेपण

मुलाचे कान गेले असतील तर त्याला कारण असतं. टायफॉइड झाला होता. मास्तरांनी कानफटात मारली. दिवाळीत सुतळी बॉम्ब कानाशी फुटला. विहिरीत उडी मारली नि पाणी शिरलं. ते कारण सांगायला घरातली सगळी माणसं एकदम पुढे सरसावतात. मुलीचे कान गेले असतील तर आधी खोलीत कुणी बोलत नाही. मग सासू सुनेकडे बघते आणि म्हणते, "ते हिच्याकडचं."

पहिल्या वर्षी मी हे सगळं लोकांनी जसं सांगितलं तसं लिहून घेतलं. कामच ते होतं. बहिरेपणाच्या आनुवंशिकतेवर काम करते म्हटलं की लोक मला कानाची डॉक्टर समजून मळ काढायला सांगायचे. मी घराणी बघत होते. रक्ताच्या तपासणीतून याचं काही कळत नाही, निदान आज, सत्याऐंशी साली तरी नाही. मग उरतं काय, तर ऐकणं मोजायचं एक पेटीएवढं यंत्र आणि मोठा कागद. पुरुषाचा चौकोन, बाईचा गोल. जन्मापासून बहिरं असेल तर तो चौकोन किंवा गोल शाईनं भरायचा. तीन-चार पिढ्या मांडल्या की काळं कुठून कुठे सरकलं ते दिसतं.

माझ्या मार्गदर्शक सरांचा नियम होता, बाहेरचं कारण सांगितलं असेल तर काळं भरायचं नाही. नियम पुस्तकातलाच. पण त्या नियमानं माझ्या कागदांवरचे चौकोन पांढरे राहत गेले आणि गोल तेवढे काळे होत गेले.

या कामात पडायच्या आधी मी पत्रकं काढायची. घाटकोपरला आमच्या वस्तीत सायक्लोस्टाइलचं मशीन होतं, हाताला शाई लागायची ती आठवडाभर जायची नाही. गर्भजल तपासून मुलगी पाडणाऱ्या दवाखान्यांविरुद्ध आम्ही अंधेरी स्टेशनबाहेर उभं राहून पत्रकं वाटली होती. लोक घ्यायचे, त्यात शेंगदाणे बांधायचे. मला वाटलं, आपण शास्त्रच शिकावं. शास्त्राच्या कागदात शेंगदाणे कोण बांधणार! वडील म्हणाले, "शीक, पण तोंड आवर." एवढंच जमलं नाही.

कांजूरमार्गचं ते घर मला आमच्या संशोधन संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात मिळालं. चार वर्षांची मुलगी, अजिबात ऐकू न येणारी, भलतीच चलाख. माझ्या यंत्राच्या सगळ्या कळा तिनं दाबून पाहिल्या. तिची आई माझ्याच वयाची, कोकणातून लग्न होऊन आलेली. नवरा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत प्रेसवर. सासू म्हणजे तिची सख्खी आत्या, कारण नवऱ्यानं मामाचीच मुलगी केलेली. आपल्याकडे यात कुणाला काही वाटत नाही, उलट घरातलं घरात राहिलं म्हणून कौतुक. सून सासूला आत्या म्हणायची, सासू तिला घालूनपाडून बोलायची, आणि दोघींचं नाक एकसारखं होतं.

मी घरी गेले. मिठागरांच्या बाजूची चाळ, दुपारी वारा आला की तोंडावर खारट चव यायची. आत्यांनी चहा टाकला, आणि विचारायच्या आत सांगून टाकलं.

"ह्या सगळा हिच्या म्हायेरसून इला, बाय. हिची धाकटी बहीण पण तशीच आसा गावाक. आमच्यात खय नाय."

"मावशी, पण हिचं माहेर म्हणजे तुमचंच माहेर ना?"

चहाला उकळी आली, तो त्यांनी खाली उतरवला.

"माझा लगीन होवन किती वर्षां झाली! तेव्हा ता घर वेगळा होता."

सून मोरीपाशी भांडी घासत होती. तिचे खांदे हलले. हसली असावी.

उंबऱ्याजवळ एक गृहस्थ बसले होते, पन्नाशीचे, गालात तंबाखूची गोळी. आत्यांचे भाऊ, म्हणजे नवऱ्याचे मामा आणि सुनेचे काका. गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. संपात गिरणी गेल्यावर बहिणीकडे येऊन राहिलेले. मी नमस्कार केला, त्यांनी हसून मान हलवली.

"तेका आयकाक येणा नाय," आत्या म्हणाल्या, आणि हे सांगताना त्यांचा आवाज वर चढला. "साच्यांनी कान खाल्ले. आमच्यासाठी खाल्ले. तेच्या पगारार सगळा घर उभ्या रवला."

साचेखात्यात कान जातात हे मुंबईत कुणाला सांगावं लागत नाही. त्या आवाजात काम करून म्हातारा झालेला माणूस जोरात बोलतो, टीव्ही मोठा लावतो, आणि लोक त्याला मान देतात. मी त्यांचा चौकोन पांढरा ठेवला. छोटी मुलगी आणि सुनेची बहीण, दोन काळे गोल. कागद सरांकडे गेला.

पुढं सून एकटीच संस्थेत आली. मुलीला कानाचं यंत्र मिळायचं होतं, त्याची चौकशी करायला. बाकावर बसल्यावर पदर पोटावरून सारखा ओढत होती.

"कितवा?" मी विचारलं.

"चौथा संपत आलाय." मग तिनं इकडेतिकडे पाहिलं. "ताई, गुरुवारी अंधेरीला बोलावलंय. पाणी काढणार आहेत पोटातलं. तुमचे सर तिथं बसतात ना संध्याकाळचे, त्यांनी आत्यांना सांगितलं. म्हणाले, तुमच्या घराण्यात हे मुलींनाच होतंय. मुलगी असली तर ठेवू नका."

"सर असं म्हणाले?"

"तुमच्या कागदावर आहे म्हणाले. दाखवला पण. दोन काळे गोल."

अंधेरीला सरांचा संध्याकाळचा दवाखाना आहे, हे मला माहीत होतं. तिथं ते सल्ला देतात असं म्हणायचे. कशाचा सल्ला, ते मी कधी विचारलं नव्हतं.

मी तशीच सरांच्या खोलीत गेले. सर कधी आवाज चढवत नसत. त्यांचं मराठी स्वच्छ, धुऊन इस्त्री केलेलं.

"बस. रागावलेली दिसतेस."

"सर, हे बहिरेपण मुलींचंच आहे असं कुठं सिद्ध झालंय? आई आणि बाप, दोघांकडून आलं तरच मूल बहिरं होतं. चौघांत एक. मुलगा काय नि मुलगी काय, सारखंच. आपणच शिकवलंत."

"पुस्तकात सारखंच. या घरात नाही. तक्ता तूच काढलास."

"दोन मुलींवरून? आणि गर्भजलात ऐकणं दिसतं का? मुलगा की मुलगी, एवढंच दिसणार."

"एवढंच पुरेसं आहे त्यांना." त्यांनी चष्मा पुसला. "अगं, एक बहिरी मुलगी सांभाळणं म्हणजे काय ते त्या बाईला विचार. मी तिच्यावर उपकार करतोय. आणि हे बघ, कायदा येणार अशी चर्चा आहे, तुमच्या पत्रकवाल्या मैत्रिणी उड्या मारतायत. येऊ दे. आनुवंशिक आजाराला त्यात सूट ठेवावीच लागेल. तेव्हा असे तक्ते लागतील. आपल्याकडे आहेत."

मी बाहेर आले. आमच्या प्रयोगशाळेत कपाटभर कागद होते, बहुतेक माझ्या अक्षरातले. एकेक गुंडाळी म्हणजे एकेक घर. ते कपाट संध्याकाळी कोण उघडतं, याचा मी तोवर विचारच केला नव्हता.

बुधवारी दुपारी कांजूरला गेले. आत्या नळावर होत्या. सून आत पोळ्या करत होती. मी चाळीच्या मागच्या बोळातून आले, कारण पुढं पाण्याची रांग होती, आणि तिथंच थांबले.

मामा छोटीला हाक मारत होते. तोंडात तंबाखू नव्हती. हाक म्हणजे नुसता एक लांब, सपाट आवाज, त्याला ना वर ना खाली. शब्दांच्या कडा झिजून गेलेल्या. उगीच सवयीनं मारलेली हाक ती. मुलीला काय ऐकू येणार! तिनं वळून पाहिलं तशी त्यांची बोटं सुरू झाली, तिची पण. भराभर. त्यांचं काहीतरी चाललं होतं, चिमणीबद्दल किंवा पतंगाबद्दल. दोघंही हसत होते.

साच्यांनी कान गेलेल्या माणसाचं बोलणं जात नाही. तो ऐकत बोलायला शिकलेला असतो. म्हाताऱ्या साचेवाल्यांशी मी बोललेय, ओरडून बोलतात, पण शब्द अख्खे असतात. हा आवाज कधीच काही न ऐकलेल्या माणसाचा होता. त्यांच्या नातीच्या घशातून येतो तसाच. आणि मी त्या माणसाला तंबाखूमुळे गप्प समजले होते.

नंतर चाळीतल्या एका जुन्या साचेवाल्यानं मला ते उलगडून सांगितलं. साचेखात्यात बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही. सगळे ओठ वाचतात, हातानं सांगतात. त्यात जन्माचा बहिरा मुलगा आणून उभा केला तर कुणाला काय कळणार! उलट तो सगळ्यांत पटकन शिकतो. "आमच्यात तोच एक हुशार होता," म्हातारा म्हणाला. वडिलांनी गावाहून आणला, बदली कामगार म्हणून लावला, आणि काही वर्षांनी साच्यांनी कान खाल्ले असं सांगून लग्न लावलं. कमावलेलं बहिरेपण. त्याला मुलगी मिळते.

आत्या कळशी घेऊन आल्या. मी त्यांना बोळातच गाठलं.

"मावशी, मामा जन्मापासून असेच आहेत ना?"

कळशी त्यांनी खाली ठेवली नाही. कमरेवरच धरून उभ्या राहिल्या.

"कोणी सांगल्यान तुका?"

"कुणी नाही. मी ऐकलं त्यांना."

"हळू बोल." त्यांनी मागे पाहिलं. "तेच्या पोराचा लगीन ठरलासा गावाक. चेडू चांगला गावला, शिकलेला. जन्माचो बहिरो म्हटल्यार तो सोयरो उद्या नारळ परत धाडीत. तुका काय? तू कागद काढून जातलस."

"आणि उद्या अंधेरीला जे चाललंय ते? तुमच्या भावाला झालं म्हणजे मुलग्यांना पण होतं. मुलगी म्हणून काढून काय मिळणार?"

त्यांनी कळशी दुसऱ्या कमरेवर घेतली. मग म्हणाल्या:

"म्हणजे झिलगो पण होवक शकता तसो? मगे दोन्ही नको."

खरं सांगितलं की माणसं शहाणी होतात, असं पत्रकात लिहायला सोपं असतं. मी खरं सांगितलं होतं, आणि एकाच्या जागी आता दोन्ही वाटा बंद झाल्या होत्या. आत तव्यावर पोळी करपल्याचा वास आला. सून दारात उभी होती. तिनं किती ऐकलं होतं ते मी विचारलं नाही. ती सासूच्या कमरेवरची कळशी काढून घेऊन आत गेली.

गुरुवारी मी अंधेरीला गेले. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली फरसाणचं दुकान. वर पाटी स्वच्छ, पडदे गुलाबी. बाकांवर बायका, प्रत्येकीबरोबर एक सासू किंवा नवरा. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. आतलं दार उघडलं की सगळ्यांचे डोळे तिकडे जायचे आणि परत मांडीवर यायचे. आत्या आणि सून भिंतीकडेच्या बाकावर होत्या. मुलीला मामांकडे ठेवलं होतं. मला पाहून आत्यांनी तोंड फिरवलं.

सर बाहेर आले, हातात माझा कागद. मला पाहिलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"चला," ते सुनेला म्हणाले.

ती उठली नाही. बसल्या बसल्याच विचारलं, "डॉक्टर, पाण्यात कान दिसतो का?"

"काय?"

"त्याला ऐकू येणार की नाही, ते पाण्यात दिसतं का?"

"ते दिसत नाही. पण मुलगी आहे का ते—"

"मग मुलगा बहिरा असला तर?"

शेजारच्या बाकावरची एक बाई वर बघायला लागली. सरांनी हसून आत्यांकडे पाहिलं, जसं मोठी माणसं लहानांच्या हट्टावर एकमेकांकडे बघतात.

"आजी, समजवा हिला. ही व्याधी हिच्या माहेरची आहे. त्या घराण्यातल्या बायकांचं रक्तच सदोष आहे. तिथून मुलगी आणली हीच चूक झाली. आता निदान पुढची पिढी तरी—"

"कोणाचा रगत?" आत्या म्हणाल्या.

सर थांबले.

"कोणाचा रगत म्हटलंस? ता माझा म्हायेर आसा! माझ्या बापाशीचा घर!" त्या उभ्या राहिल्या. त्यांची पिशवी खाली पडली, आतली केळी बाकाखाली गेली. "आमच्या बायकांका नावां ठेवतस? आमच्या बायकांनी काय केला? माझो भाव जन्माचो बहिरो आसा, कळला? पुरुष! आणि तेणी साच्यार उभो रवान सात माणसां पोसल्यान! तुझ्या रक्तात आसा कोण तसो?"

सगळा दवाखाना ऐकत होता. पडदा सारून नर्सनं डोकं बाहेर काढलं.

आपण काय बोललो ते आत्यांना तेव्हाच कळलं. त्यांचा हात तोंडावर गेला. पण सून आधीच उठली होती. तिनं वाकून केळी गोळा केली, पिशवी खांद्याला लावली आणि सासूचा दंड धरून जिन्याकडे चालायला लागली.

सरांनी कागदाची गुंडाळी केली. "असं होय," ते मला म्हणाले, अगदी शांतपणे. "म्हणजे ही माहिती विश्वासार्ह नाही. हे घर आपल्या अभ्यासातून काढून टाक." मग ते बाकांकडे वळले. "पुढच्या."

मघाशी मान वर करून बघणारी बाई पदर सावरून उठली आणि आत गेली. दार बंद झालं.

खाली रिक्षा मिळेना. आम्ही तिघी फरसाणच्या दुकानासमोर उभ्या होतो. आत्या हमसून रडत होत्या, कारण वर बाकावर एक बाई त्यांच्याच तालुक्यातली होती, बोलण्यावरून ओळखली म्हणाल्या. "आता संपला," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "पोराचा लगीन संपला." सुनेनं मला विचारलं, "ताई, भूक लागलीय. काहीतरी घेऊया?" आणि ती उभ्या उभ्या चिवडा खायला लागली, मुठी भरभरून, अनेक दिवस जेवली नसल्यासारखी.

आठवडा संपायच्या आत बातमी गावाला पोचली. लग्न मोडलं. मामांचा मुलगा मुंबईला आला, बापाशी भांडला, म्हणजे एकटाच ओरडला, आणि कुठल्याशा बोटीवर नोकरीला निघून गेला. मी सरांची संस्था सोडली. सोडली म्हणजे, माझ्या नावाशिवाय तक्ते छापू नका आणि माझ्या नावानं तर मुळीच छापू नका, असं लेखी दिल्यावर तिथं राहण्यासारखं काही उरलं नाही. आता मुलुंडला एका बहिऱ्या मुलांच्या शाळेत जुनं यंत्र घेऊन काम करते आणि सगळी घराणी पुन्हा पहिल्यापासून विचारते. मुलाच्या बहिरेपणाचं बाहेरचं कारण सांगितलं की मी त्याला बोलायला लावते. त्याच्या आवाजावरून कळतं.

बाळ झालं. मुलगी. बारशाच्या आधीच मी कांजूरला गेले. ती जागी होती. मी तिच्या डोक्यामागे हळूच टाळी वाजवली, ती दचकली. उजवीकडे वाजवली, डोळे उजवीकडे. डावीकडे, डावीकडे. मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच, "मावशी, ऐकू येतंय हिला! व्यवस्थित!"

आत्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"आयकता तर आयकांदे," त्या म्हणाल्या. "हिच्यापायी माझ्या भावाचा घर मोडला."

जाताना सून बोळापर्यंत सोडायला आली. छोटी तिच्या पदराला धरून होती.

"ताई, तुम्ही येत जा. महिन्यातून एकदा तरी. काम नसलं तरी यंत्र घेऊन या."

"का गं? तिला ऐकू येतंय चांगलं."

"तुम्ही येणार म्हटलं की घरात जरा जपून वागतात." तिनं मागे पाहिलं. "मी महिन्याभरात परत कामाला लागणार ना. सकाळी पॅकिंगला जावं लागेल. दिवसभर ती आत्यांजवळ असणार."

तेव्हापासून दर महिन्याला जाते. पेटी उघडते, तारा लावते, आकडे लिहिल्यासारखं करते. मामा उंबऱ्यावर असतात, पण आत्या बाळाला त्यांच्या हातात देत नाहीत. आत्या माझ्याशी नीट बोलतात, चहा देतात. मुलगी आवाजाच्या दिशेला मान वळवते, दर वेळी, न चुकता.

गेल्या खेपेला तपासणी झाल्यावर मी तिला उचलून घेतलं. पाच महिन्यांची झाली. दुपट्यात हाताला काही लागेना म्हणून मी दुपटं सोडलं. आधीच्या महिन्यापेक्षा ती हलकी होती.

"दूध पिणा नाय," आत्या म्हणाल्या, मी न विचारताच.

आता मी दर आठवड्याला जाते. कुठल्या वारी येणार ते सांगत नाही.